सहज बसलो एसटीत : न ठरवलेल्या प्रवासाचा पाठ



'मी केलेला प्रवास' हा निबंध तुम्ही पाचवीपासून लिहीत आला आहात. बहुतेक वह्यांमध्ये तो असा सुरू होतो : सुट्टी लागली, बाबांनी बेत ठरवला, आदल्या रात्री बॅग भरली, पहाटे उठलो आणि निघालो. यात चूक काही नाही. पण होतं काय, की गाडी सुटायच्या आधीच निम्मं पान संपतं आणि शेवटी 'खूप मजा आली' एवढंच लिहायचं उरतं.

आज आपण जरा वेगळा विषय घेऊ. न ठरवता केलेला प्रवास. बेत नाही, बुकिंग नाही, कुणी बोलावलेलं नाही. स्टँडवर गाडी उभी दिसली आणि आपण चढलो. असा प्रवास साध्या लाल एसटीनेच करता येतो. त्यामुळे आधी एसटीबद्दल थोडं समजून घेऊ, मग एक नमुना लेख वाचू आणि शेवटी तुमच्यासाठी काही कृती आहेत.

१) एसटीची थोडक्यात ओळख

एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट. आज तिचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ असं आहे. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं नव्हतं, म्हणजे आपली एसटी आपल्या राज्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी! १ जून हा दिवस एसटीचा वर्धापनदिन म्हणून साजरा होतो.

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा ६ किलोमीटरचा. १८ किलोमीटर जायचं असेल तर तीन टप्पे, ३० किलोमीटरला पाच टप्पे, असा सोपा हिशेब आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नसतं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट झालं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी मोफत पास मिळतो.

आणखी एक योजना आहे, तिचं नाव फार छान आहे : 'आवडेल तेथे प्रवास'. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि मनाला येईल तिकडे फिरायचं.

२) पाटी वाचता येते का?

तुम्ही म्हणाल, सर, पाटी कुणाला वाचता येत नाही? पण एसटीची पाटी वाचणं हे नुसतं अक्षर ओळखणं नाही. समजा, पाटीवर लिहिलं आहे 'वाई – महाबळेश्वर, मार्गे पाचगणी'. 'मार्गे' हा शब्द महत्त्वाचा. शेवटचं गाव एकच असलं तरी गाड्या वेगवेगळ्या वाटांनी जातात. तुमचं गाव मधल्या वाटेवर असेल तर शेवटच्या गावापेक्षा 'मार्गे'नंतर काय लिहिलंय ते आधी बघावं लागतं.

'साधी' गाडी वाटेतले थांबे घेत जाते. 'जलद' गाडी मोजक्या ठिकाणी थांबते. 'विनाथांबा' म्हणजे मध्ये कुठेच थांबत नाही. 'विनावाहक' गाडीत कंडक्टर नसतो, तिकीट आधीच काढावं लागतं. ज्याला न ठरवता, रमतगमत प्रवास करायचाय त्याने साधी गाडी पकडावी. कारण माणसं चढतात-उतरतात ती साध्या गाडीत.

आता नमुना लेख वाचा.

३) नमुना लेख : सहज

श्रावणातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती. मला वाईत काम होतं, ते दहा मिनिटांत झालं. स्टँडवर आलो तर समोरच एक गाडी लागलेली. पाटीवर महाबळेश्वर. गाडी निम्मी रिकामी होती आणि खिडकीची जागा मोकळी दिसत होती. खांद्यावरच्या पिशवीत नववीच्या वह्यांचा गठ्ठा होता. वह्या काय, गाडीतही तपासून होतील, असं म्हटलं. घरी फोन करून सांगितलं, संध्याकाळपर्यंत येतो. आणि चढलो.

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आले.

"कुठं?"

"शेवटपर्यंत."

"शेवट म्हंजे महाबळेश्वर. पाहुणं हायेत का कोण तिकडं?"

"नाही, सहज चाललोय."

"सहज?" त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडून हातात दिलं. "जावा, जावा. धुकं लई हाय वर, काय दिसायचं न्हाय."

दोन घंट्या झाल्या आणि गाडी हलली. पसरणी गाव आलं. शाहीर साबळे यांचा जन्म याच गावचा, १९२३ सालचा. पसरणी सुटलं की घाट लागतो. ड्रायव्हरने गिअर बदलला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि वाई हळूहळू खाली जायला लागली. एका वळणावर देवळांचे कळस दिसले. दुसऱ्या वळणावर दूरवर धोम धरणाचं पाणी पसरलेलं दिसलं. ते पाणी कृष्णेचं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, डोंगराच्या पलीकडच्या अंगाने उतरत धोमला येते आणि तिथून वाईच्या घाटांपाशी. म्हणजे नदी जिथून खाली येते तिकडेच आमची गाडी वर चालली होती. वर्गात नकाशावर हे कितीदा दाखवलं असेल. पण इथे नकाशा खिडकीतून खाली पसरलेला होता.

माझ्या पुढच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर औषधांची पिशवी, वर छत्री आडवी ठेवलेली. कंडक्टरांनी विचारायच्या आत त्यांनी कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून पुढे धरलं.

"पंच्याहत्तर झाली मला. तिकीट न्हाय लागत."

"माहीत हाय, आजी. गेल्या शनिवारी पण दावलं हुतं."

"मग आता कशाला बघतुयास?"

अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसले आणि शून्य रुपयांचं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. आजींनी ते नीट घडी घालून औषधांच्या पिशवीत ठेवलं. मग मागे वळून मला म्हणाल्या, "गुडघ्याचं औषध हाय. डॉक्टर म्हनतो, दर आठवड्याला दावायला या. आधी म्हैना-म्हैना जात नव्हते मी. जायला-यायला पैसं कोण देणार?"

माझ्या शेजारी अकरावीतली एक मुलगी बसली होती. कॉलेजचा गणवेश, मांडीवर दप्तर. वह्यांचा गठ्ठा बघून तिनेच विचारलं, "तुम्ही सर आहात का?"

"हो."

"महाबळेश्वरला बदली झाली का तुमची?"

"नाही गं. असाच निघालो, सहज."

ती जराशी हसली. "आम्हाला नाही असं सहज जाता येत. माझा पास फाट्यापर्यंतचाच आहे."

घाट चढून गेल्यावर पुढे एक फाटा लागतो, तिथून तिचं घर आत दोन किलोमीटर. ती रोज याच गाडीने परत येते. पाटीवर रोज महाबळेश्वर लिहिलेलं असतं आणि ती रोज फाट्यावर उतरते.

"तू गेलीस का कधी शेवटपर्यंत?"

"एकदाच. चौथीच्या सहलीला. तेव्हा उलटी होईल म्हणून सगळा रस्ता डोळे मिटून बसले होते."

मी विचारलं, ही गाडी चुकली तर काय करतेस? ती म्हणाली, पुढची साधी गाडी दोन तासांनी. नाहीतर वडाप. पण वडापवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळी एकटीने वडापनं जायला घरचे नको म्हणतात. शनिवारी प्रॅक्टिकल लांबलं की ती मॅडमना सांगून लवकर निघते. राहिलेला प्रयोग मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते.

"आकृती बरोबर येते सर, पण हाताने केलेलं नसतं ना," ती म्हणाली. "मी आठवीत असताना एसटीचा संप होता. तेव्हा तर कितीतरी महिने शाळेत जायचे वांधे झाले होते. आमच्यातल्या दोघींची शाळा तेव्हाच सुटली. नंतर गाड्या सुरू झाल्या, पण त्या काही परत आल्या नाहीत."

एवढं बोलून तिने दप्तराचे पट्टे खांद्यावर चढवले. पाचगणी मागे पडली होती. बाहेर इतकं धुकं होतं की फाटा मला दिसलाच नाही. कंडक्टरांनी मात्र न विचारता एक घंटी दिली. गाडी थांबली. ती उतरली, छत्री उघडली आणि लाल चिखलाच्या वाटेने चालायला लागली. आजीही तिथेच उतरल्या. मुलीने त्यांच्या हातातली औषधांची पिशवी घेतली. दोघी धुक्यात दिसेनाशा झाल्या तेव्हा दोन घंट्या झाल्या.

त्यानंतर महाबळेश्वरपर्यंत मी वह्या उघडल्या नाहीत. 'सहज' हा शब्द मी वर्गात कितीतरी वेळा वापरतो. सहज विचारलं, सहज आलो, सहज जमतं. त्या मुलीने तो शब्द माझ्यासमोर वेगळाच ठेवला होता. मी सहज चढू शकलो, कारण गाडी स्टँडवर लागलेली होती. ती लागलेली होती, कारण ती रोज लागते. मी येवो न येवो, पाऊस असो, निम्मी रिकामी असो. आणि रोज ती लागते ती माझ्यासारख्या सहज येणाऱ्यासाठी नव्हे. औषधाची पिशवी आणि दप्तर घेऊन येणाऱ्यांसाठी.

महाबळेश्वरला उतरल्यावर आधी चौकशीच्या खिडकीवर जाऊन वाईची परतीची गाडी किती वाजता ते विचारून घेतलं. पाऊण तास होता. कंडक्टर म्हणाले होते तसं काहीच दिसत नव्हतं. समोरचं झाडसुद्धा धुक्यात विरघळलेलं. स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, भाजलेलं कणीस खाल्लं आणि परतीच्या गाडीत बसलो.

खाली येताना त्याच फाट्यावर गाडी थांबली. दोन बायका भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या. मी उठून एकीला जागा दिली आणि पाटी वर ठेवायला हात लावला. घाटात धुकं थोडं फाटलं होतं. खाली वाईचे दिवे लागायला सुरुवात झाली होती.

४) लेखातून काय घ्यायचं?

आता हा लेख परीक्षेच्या दृष्टीने बघू.

पहिली गोष्ट, लेखकाने महाबळेश्वरचं वर्णन जवळजवळ केलेलंच नाही. धुकं, चहा, कणीस, संपलं. तरी लेख अपुरा वाटत नाही, कारण खरा प्रवास गाडीत झाला. तुम्हीही लिहिताना पोहोचलेल्या ठिकाणापेक्षा वाटेवर जास्त ओळी खर्च करा.

दुसरी गोष्ट, माणसं बोलतात ती आपापल्या बोलीत. आजी 'बघतुयास' म्हणतात, मुलगी 'प्रॅक्टिकल' म्हणते. सगळ्यांच्या तोंडी पुस्तकी भाषा घातली असती तर कुणीच खरं वाटलं नसतं. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, नेमकेपणा. 'खूप निसर्गरम्य दृश्य दिसले' असं कुठेही नाही. धोमचं पाणी आहे, देवळांचे कळस आहेत, लाल चिखल आहे. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहावं.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. लेखकाने 'गरिबांची किती हालत आहे' असं भाषण ठोकलेलं नाही. मुलीच्या पासची हद्द, मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला प्रयोग, शाळा सुटलेल्या दोघी, एवढंच सांगितलं आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप तुम्ही सामान्यज्ञानात वाचला असेल. संपाला कर्मचाऱ्यांची स्वतःची कारणं होती, तो वेगळा विषय आहे. पण एक गाडी न आल्याने एखाद्या घरात काय काय थांबतं, ते या मुलीच्या बोलण्यातून कळतं.

५) तुम्ही निघणार असाल तर

हा लेख वाचून काही जण उद्याच स्टँडवर धावतील, म्हणून चार सूचना.

• न ठरवता म्हणजे न सांगता नव्हे. घरच्यांना विचारूनच निघा. लहान वर्गातल्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच जावं.

• पोहोचल्या पोहोचल्या परतीच्या गाडीची वेळ विचारा. शेवटची गाडी किती वाजता हे कळल्याशिवाय स्टँड सोडू नका. जाण्याची गाडी सहज मिळते, येण्याची तशीच मिळेल असं नाही.

• सुटे पैसे जवळ ठेवा आणि तिकीट उतरेपर्यंत जपा.

• शाळा-कॉलेज सुटायची आणि बाजाराच्या दिवसाची गर्दी टाळा. तुम्ही फिरायला निघालात, त्या वेळी दुसऱ्या कुणाला घरी पोहोचायचं असतं. गाडी भरली तर उठून जागा द्या. तुमच्या जागेसाठी कुणी फाट्यावर राहू नये.

६) शब्दसंपदा

आगार – गाड्या मुक्कामी असतात, दुरुस्त होतात ती जागा, डेपो
स्थानक – प्रवाशांची चढउतार होते ती मोठी जागा, स्टँड
थांबा – वाटेत गाडी थांबते ती ठरलेली जागा
फाटा – मुख्य रस्त्यापासून गावाकडे रस्ता फुटतो ती जागा
वाहक – कंडक्टर
चालक – ड्रायव्हर
मुक्कामी गाडी – रात्री गावातच थांबून सकाळी परत निघणारी गाडी
वडाप – प्रवासी भरून नेणारी खासगी जीप (सातारा-कोल्हापूरकडचा शब्द)
एक घंटी – गाडी थांबवा
दोन घंट्या – गाडी सोडा
वांधे होणे – अडचण होणे

'फाटा' या शब्दावरून 'फाटे फोडणे' हा वाक्प्रचार आठवतो का? सरळ चाललेल्या गोष्टीत नसत्या अडचणी काढणे, असा त्याचा अर्थ. आता रस्त्याचा फाटा डोळ्यांसमोर आणा, वाक्प्रचार आपोआप पाठ होईल.

७) स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) पहिली एसटी कोणत्या मार्गावर धावली?
आ) एसटीचा एक टप्पा किती किलोमीटरचा असतो?
इ) लेखातली मुलगी शनिवारी कॉलेजमधून लवकर का निघते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत लिहा.
अ) "मग आता कशाला बघतुयास?" या वाक्यातून आजींचा स्वभाव कसा दिसतो?
आ) मोफत तिकिटामुळे आजींच्या औषधोपचारात काय फरक पडला?

प्र. ३. तुमच्या गावाच्या स्थानकावर किंवा थांब्यावर जाऊन पाच पाट्या उतरवून आणा. प्रत्येक गाडी साधी, जलद की विनाथांबा, आणि कोणत्या मार्गे जाते, ते लिहा.

प्र. ४. तुमच्या गावातून तालुक्याला जाणारी पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता आहे? शेवटची गाडी एक तास आधी सुटायला लागली तर कुणाकुणाची अडचण होईल? घरी, शेजारी विचारा आणि दहा ओळी लिहा.

प्र. ५. लेखन : फाट्यावर उतरणारी ती मुलगी सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून, डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत गेली, अशी कल्पना करा. तिला काय दिसलं असेल? तिच्या शब्दांत दीडशे शब्दांत लिहा.

पाचव्या प्रश्नाला गुण ठेवलेले नाहीत, पण सगळ्यात आधी मी तोच वाचणार आहे. या वेळी 'पहाटे उठलो' असं लिहू नका बरं का. ती गाडी दुपारची आहे!